मिठाच्या कणाचा तीनशेवा भाग

गाय माजावर आली की सगळ्या वस्तीला कळतं. रात्रभर हंबरते, दाव्याला हिसके देते, आंबोणाला तोंड लावत नाही, शेजारच्या गायीच्या पाठीवर चढू बघते. एरवी लहान पोरानंही दोरीला धरून पाण्यावर न्यावं इतकी गरीब, पण त्या दिवशी दोन गडी लागतात. पाच क्विंटलचं हे जनावर असं पेटवणारं संप्रेरक म्हणजे इस्ट्रॅडायॉल. माजाच्या ऐन भरात तिच्या रक्तद्रवात ते मिलिलिटरमागे साधारण १० पिकोग्रॅम असतं. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम.

आकडा वाचला तरी डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून उन्हाळ्यात आपल्या गावांत येणारा १० हजार लिटरचा पाण्याचा टँकर घेऊ. असे १० हजार टँकर एकामागे एक उभे करायचे. रांग ऐंशी किलोमीटरच्या घरात जाईल. या सगळ्या टँकरांतल्या पाण्यात मिळून एक ग्रॅम साखर विरघळवायची. माजावरच्या गायीच्या रक्तात इस्ट्रॅडायॉल जितकं पातळ असतं, तितकीच ती साखर त्या पाण्यात पातळ असेल. तेवढ्या गोडीवर गाय दावं तोडते.

पुढचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला आणि दोनदा तपासला. पाचशे किलोच्या गायीच्या अंगात रक्तद्रव सुमारे २० लिटर. म्हणजे एका क्षणी तिच्या रक्तात फिरणारं इस्ट्रॅडायॉल सगळं मिळून ०.२ मायक्रोग्रॅम. स्वयंपाकघरातल्या बारीक मिठाचा एक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. त्या कणाचे तीनशे तुकडे करायचे आणि एक उचलायचा.

पण त्याच तुकड्यातले रेणू मोजायला बसलं की गणित उलटं फिरतं. त्यात ४४० लाख कोटी रेणू निघतात. जगातल्या आठशे कोटी माणसांना वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचावन्न हजार येतील. वजनानं नगण्य आणि संख्येनं अफाट, अशी ही वस्तू आहे. म्हणूनच शरीराच्या कानाकोपऱ्यातल्या पेशीपर्यंत तिचा निरोप पोचतो.

निरोप हाच शब्द मला इथे योग्य वाटतो. संप्रेरकात पोषण नसतं. वैरण, पेंड, सरकी, मका यांतून जे अंगात येतं तेवढंच जनावराकडे असतं. संप्रेरक त्यात एक काडीही वाढवत नाही. ते फक्त वाटणी करतं. आज खाल्लेलं दुधात जायचं की चरबीत, हाडात जायचं की पोटातल्या वासरात, हे या धुळीसारख्या कणांवर ठरतं. घरात धान्य किती आलं हे शेतावर ठरतं, पण कुणाच्या ताटात किती पडायचं हे वाढणाऱ्या हातावर. तो हात किती बारीक आहे आणि तो ओळखायला किती जनावरं लागली, हे दोन्ही आकडे मला वर्षानुवर्षं स्वस्थ बसू देत नाहीत.

गोष्ट कोंबड्यांपासून सुरू होते. १८४९ साली जर्मनीत, ग्योटिंगेनला, आर्नोल्ड बर्टोल्ड यांनी सहा तरुण कोंबडे घेतले आणि त्यांचे वृषण काढले. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा आक्रसतो, तो आरवत नाही, भांडत नाही. बर्टोल्ड यांनी काहींच्या पोटात वृषण परत ठेवून दिलं, मूळ जागी नव्हे, नुसतं आतड्यांच्या सोबतीला. त्या कोंबड्यांचा तुरा लालभडक वाढला आणि ते आरवू लागले. मज्जातंतूंची जोडणी तुटलेली असताना निरोप गेला, म्हणजे तो रक्तातूनच गेला. सहा पक्षी आणि एक धारदार हत्यार, एवढ्यावर हे कळलं.

पण निरोप जातो हे कळणं वेगळं आणि निरोप्याला पकडून काचेच्या नळीत ठेवणं वेगळं. त्यासाठी विसाव्या शतकात कत्तलखान्यांपुढे रांगा लागल्या. १९१४ साली नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांना थायरॉक्सिनचे स्फटिक मिळाले. पुढे सुमारे ३ टन डुकरांच्या थायरॉइड ग्रंथींमधून त्यांच्या हाती आलं ३३ ग्रॅम. १९३५ साली नेदरलँड्समध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या चमूनं १०० किलो बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन काढलं, ते भरलं १० मिलिग्रॅम. त्याच सुमाराला सेंट लुईसमध्ये एडवर्ड डॉयझी यांनी ४ टन डुकरिणींचे बीजांडकोश उकळले, गाळले, आटवले आणि शेवटी शुद्ध इस्ट्रॅडायॉल मिळवलं १२ मिलिग्रॅम. चार टनांतून चिमटीतही येणार नाही एवढं थोडं. मात्र आपल्या गायीच्या हिशोबानं पाहिलं, तर ते १२ मिलिग्रॅम म्हणजे माजावर आलेल्या साठ हजार गायींच्या रक्तात एका क्षणी असतं तेवढं होतं.

इन्सुलिनची कथा बहुतेकांना ठाऊक असते: टोरांटो, बँटिंग आणि बेस्ट, जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाला दिलेली पहिली सुई. पण त्यामागचं वजन सहसा सांगितलं जात नाही. एक पौंड इन्सुलिनसाठी ८ हजार पौंड स्वादुपिंड लागायचं, आणि ते २३,५०० जनावरांचं असायचं. म्हणजे साडेतीन टनांहून जास्त ग्रंथींमधून साडेचारशे ग्रॅम. साठ वर्षं जगभरातले मधुमेही गायी-डुकरांच्या स्वादुपिंडावर जगले. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये बाजारात यायला परवानगी मिळाली, तोवर दुसरा मार्ग नव्हता. डुकराचं इन्सुलिन आणि आपलं इन्सुलिन यांच्यात ५१ पैकी एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे, गायीच्या इन्सुलिनमध्ये तिनांचा. एवढं जवळचं नातं होतं म्हणून ते चाललं.

या सगळ्या आकड्यांचा कळस मात्र मेंढरांचा आहे.

मेंदूच्या तळाशी, बोराएवढ्या जागेत, हायपोथॅलॅमस असतो. पीयूषिका ग्रंथीला हुकूम तिथूनच सुटतात, अशी शंका १९५० च्या दशकात बळावली होती. पण हुकूम देणारा पदार्थ कुणी पाहिलेला नव्हता. रॉजर गिलमँ यांनी अमेरिकेत ह्यूस्टनला मेंढ्यांच्या मेंदूंवर काम मांडलं आणि अँड्र्यू शॅली यांनी न्यू ऑर्लिन्सला डुकरांच्या. आधी सहकारी असलेले हे दोघे पुढे एकमेकांचे कट्टर स्पर्धक झाले. गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत कत्तलखान्यांतून ५० लाखांहून अधिक मेंढ्यांचे हायपोथॅलॅमसचे तुकडे आले. हाताळलेल्या मेंदूचं वजन ५०० टनांच्या घरात गेलं. १९६९ साली हुकूम देणाऱ्या पहिल्या संप्रेरकाची रचना उलगडली, टीआरएच त्याचं नाव. तीन लाख मेंढ्यांच्या मेंदूंमधून शुद्ध टीआरएच निघालं होतं एक मिलिग्रॅम.

तीन लाख मेंढ्या म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला हवं. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेले धनगरांचे वाडे आपण रस्त्यावर पाहतो. गाडी थांबते आणि कळप पुढून वाहत जातो. समजा एका कळपात तीनशे मेंढरं आहेत. असे एक हजार कळप एकामागून एक आपल्यासमोरून जातायत, दिवस मावळतो, रात्र होते, पुन्हा उजाडतं, तरी संपत नाहीत. त्या सगळ्यांच्या डोक्यातला तो एक निरोप गोळा केला, तर मिठाच्या सोळा-सतरा कणांएवढा होतो.

आणि त्या कणाची रचना निघाली ती काय? तीन अमिनो आम्लं एकापुढे एक. फक्त तीन. प्रथिनात शेकडो अमिनो आम्लं असतात. हा रेणू म्हणजे तीन मण्यांची माळ. तीन मण्यांचा क्रम कळायला तीन लाख मेंढ्या लागल्या. तो एकदा कळल्यावर मात्र कुठल्याही मेंढीला हात न लावता तो प्रयोगशाळेत हवा तेवढा बनवता येऊ लागला. १९७७ साली गिलमँ आणि शॅली या दोघांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी, त्याच पुरस्काराचा अर्धा वाटा रोझलिन यॅलो यांना मिळाला. रक्तातले पिकोग्रॅम मोजायची पद्धत त्यांनी आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली होती. तिचा पायाही जनावरांनीच रचून दिला. गिनीपिगला गायीचं इन्सुलिन टोचलं की त्याच्या रक्तात इन्सुलिनला नेमकं पकडणारी प्रतिद्रव्यं तयार होतात; तीच इथे तराजू म्हणून वापरली. बर्सन १९७२ मध्येच गेले होते, त्यामुळे पुरस्कारात त्यांचं नाव नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

शॅली यांच्या गटानं १९७१ मध्ये दुसरं संप्रेरक उलगडलं, दहा मण्यांचं. पीयूषिकेमार्फत बीजांडकोशाला बीज सोडायचा हुकूम देणारं हे संप्रेरक. आज आपल्याकडे एखादी गाय वारंवार उलटत असेल, भरवूनही गाभण राहत नसेल, तर पशुवैद्य भरवताना एक सुई देतात. त्या सुईत बहुधा याच दहा मण्यांच्या माळेचा सुधारलेला भाऊ असतो, दहा-वीस मायक्रोग्रॅम. पाच क्विंटलच्या गायीला एवढं पुरतं. सुई घेऊन गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या मागे डुकरांचे आणि मेंढ्यांचे किती कळप उभे आहेत, हे आपल्याला दिसत नाही इतकंच.

आता वाटणीकडे येऊ.

एक लिटर दूध बनायला कासेतून ४०० ते ५०० लिटर रक्त वाहून जावं लागतं. वीस लिटर देणारी गाय धरली, तर दिवसाला नऊ हजार लिटर, म्हणजे मघाचा टँकर जवळपास भरला. तिच्या अंगात एकूण रक्त तीसेक लिटर. तेच रक्त दिवसातून तीनशे वेळा कासेत जाऊन येतं.

हे वाचल्यापासून मला देशाचा हिशोब करायची खोड लागली. २०२३-२४ मध्ये भारतात २३ कोटी ९० लाख टनांहून थोडं जास्त दूध निघालं. रोजचं धरलं तर साधारण ६४ कोटी लिटर. त्याला साडेचारशेनं गुणलं की उत्तर येतं २८ हजार ८०० कोटी लिटर रक्त, एका दिवसात, देशातल्या गायी, म्हशी आणि शेळ्यांच्या कासेतून. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं, म्हणजे जवळपास तीन लाख कोटी लिटर. दहा दिवसांत कोयना जवळपास काठोकाठ भरेल एवढं रक्त या देशातल्या जनावरांच्या सडांमागून फिरतं.

त्या रक्तातून कास काय उचलते? मुख्य म्हणजे साखर. एका लिटर दुधासाठी सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. वीस लिटरला जवळपास दीड किलो. आणि गंमत अशी की गायीच्या आतड्यातून ग्लुकोज जवळजवळ येतच नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, रुमेनमध्ये, शंभर लिटरांहून जास्त आंबोणी काला असतो आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये हजार कोटी जिवाणू. जी काही साखर, जो काही स्टार्च येईल तो हे आधीच फस्त करतात आणि मागे आम्लं ठेवतात. मुख्यतः त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृताला जवळजवळ सगळं ग्लुकोज नव्यानं घडवावं लागतं. कडब्याच्या पेंढीपासून दुधातल्या गोडीपर्यंतचा रस्ता असा वळणावळणाचा आहे.

इतक्या कष्टानं घडवलेलं ग्लुकोज स्नायूंनी आणि चरबीनं मध्येच उचललं तर कासेपर्यंत काय पोचणार? म्हणून व्याल्यावर गायीच्या रक्तात इन्सुलिन उतरतं आणि वाढीचं संप्रेरक चढतं. स्नायू आणि चरबीच्या पेशींना ग्लुकोजसाठी दार उघडायला इन्सुलिनची किल्ली लागते. कासेच्या पेशींना लागत नाही. किल्ली कमी झाली की बाकीची दारं मिटतात आणि कासेचं उघडंच राहतं. वर चरबीलाही हुकूम सुटतो, वितळायला लाग. नुकती व्यालेली गाय खाऊन-पिऊनही बरगड्या दाखवते ती यामुळे. मालक म्हणतो अंगाला लागत नाही. खरंच लागत नसतं, कारण वाटणी तशी ठरलेली असते. अमेरिकेत १९९३ साली मंजूर झालेली वाढीच्या संप्रेरकाची सुई याच वाटणीत हात घालते. दर चौदा दिवसांनी ५०० मिलिग्रॅम, दूध दहा ते पंधरा टक्के जास्त. ते जादा दूध सुईतून येत नाही, गव्हाणीतून आणि गायीच्या पाठीवरच्या चरबीतून येतं. कॅनडा आणि युरोपीय संघानं ही सुई नाकारली, आणि मला तो निर्णय पटतो.

या वाटणीचा तोल सुटला तर काय होतं, ते मी मामाच्या गोठ्यात पाहिलं आहे. सांगली जिल्हा, थंडीचे दिवस. चंद्री नावाची होल्स्टिन संकरित गाय, चौथं वेत. संध्याकाळी व्याली, जार पडला, वासरू उभं राहिलं, घरात खरवसाची तयारी झाली. पहाटे मामा गोठ्यात गेले तर चंद्री बसलेली, मान वळवून कुशीवर टाकलेली, कान बर्फासारखे गार, नाकपुडी कोरडी. उठवली तर उठेना.

“आरं, राती तर चांगली खात हुती की,” एवढंच मामा पुन्हा पुन्हा म्हणत होते.

डॉक्टर आले, त्यांनी कानाला हात लावला आणि बॅगेतून कॅल्शियमची साडेचारशे मिलिलिटरची बाटली काढली. मामांना म्हणाले, “आप्पा, बाटली वर धरा. घाई करू नका, हळूहळू जाऊ द्या, नाहीतर हृदय थांबेल.” शिरेतून थेंब-थेंब औषध जात राहिलं. अर्धी बाटली संपायच्या आत नाकपुडीवर घाम आला. मग अंग थरथरलं, मग ढेकर आला, मग शेण पडलं. बाटली संपून काही मिनिटं झाली असतील, चंद्री मागच्या पायांवर जोर देऊन उभी राहिली आणि वासराला चाटायला लागली. मामी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

याला मिल्क फिव्हर म्हणतात, दुग्धज्वर. नावात ज्वर आहे, पण अंग थंड पडतं. त्यामागचा हिशोब पुढे पशुपोषणाच्या पुस्तकात वाचला तेव्हा ती पहाट नव्यानं समजली. गायीच्या रक्तद्रवात एका वेळी कॅल्शियम असतं अडीच-तीन ग्रॅम. आणि व्याल्यावर पहिल्या दिवसाच्या दहा लिटर चिकात जातं २३ ग्रॅम. जवळ असलेल्याच्या आठपट माल काही तासांत बाहेर काढायचा. हाडांत सात-आठ किलो कॅल्शियम पडलेलं असतं. म्हणजे बँकेत आठ हजार, हातात तीन रुपये, आणि दारात तेवीस रुपयांचं देणं.

बँकेचं दार उघडणारं संप्रेरक गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींतून येतं, तेही पिकोग्रॅमच्या मापात. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की ते काही मिनिटांत सुटतं. पण हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागून नीट पुरवठा सुरू व्हायला दोन-तीन दिवस जातात. आणि इथेच मामांकडून एक चूक झाली होती, तीही मायेपोटी. गाय आटवल्यापासून ते तिला भरपूर लसूणघास आणि रोज कॅल्शियमचं पातळ औषध पाजत होते. बाहेरून भरभरून येत असल्यानं पॅराथायरॉइड निवांत झाली, हाडांकडे जायची वाट मोडली. लसूणघासात पोटॅशियमही खूप. त्यानं रक्त अल्कलीकडे झुकतं आणि हाडं-मूत्रपिंडं त्या संप्रेरकाचा निरोप नीट ऐकत नाहीत. डॉक्टरांनी मामांना तेव्हा सांगितलं ते मला अजून शब्दशः आठवतं: “व्यायच्या आधी तीन आठवडे कॅल्शियम हात आखडून द्या, व्याल्यावर मोकळ्या हातानं द्या.” मामांनी ते आयुष्यभर पाळलं. एरवी खायला घालण्यात हात आखडणं त्यांना जमत नसे.

कोंबडीचं गणित याहून बिकट आहे, आणि ती ते रोज सोडवते. अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमांहून थोडं जास्त कॅल्शियम असतं. कोंबडीच्या सगळ्या रक्तात मिळून असतं पंचवीस-तीस मिलिग्रॅम. कवच घडत असताना तिच्या रक्तातलं सगळंच्या सगळं कॅल्शियम दर दहा-पंधरा मिनिटांनी संपतं आणि पुन्हा भरतं. ते बहुतेक रात्री, ती दांडीवर झोपलेली असताना, पोटात नवा दाणा जात नसताना. वर्षाला तीनशे अंडी म्हणजे साडेसहाशे ग्रॅम कॅल्शियम. तिच्या अख्ख्या सांगाड्यात असतं वीसेक ग्रॅम. वर्षभरात दीड किलोचा पक्षी आपल्या सांगाड्याच्या तीसपट कॅल्शियम अंड्यांतून बाहेर टाकतो, आणि तरी चालतो-फिरतो.

हे शक्य होतं ते पुन्हा इस्ट्रोजेनमुळे. पहिल्या अंड्याआधी दहा-पंधरा दिवस ते कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास हाड घडवतं. शरीर पेलणं हे त्याचं काम नाही. रात्री मोडायचं, दिवसा भरायचं, एवढंच. शिंपल्यांचा चुरा संध्याकाळच्या खाद्यात टाकायचा तो या रात्रीच्या कामासाठी. असाच थर २००५ साली मेरी श्वाइट्झर आणि सहकाऱ्यांनी एका टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात दाखवला. ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी अंडी घालण्याच्या बेतात असलेली मादी असावी ती. आपल्या खुराड्यातली कोंबडी आणि ती, दोघींच्या हाडांना एकाच जातीचा निरोप आलेला.

मांसाच्या कोंबडीबद्दल मात्र एक गैरसमज घराघरांत आहे. माझ्या घरातही थोरली माणसं म्हणतात, ते इंजेक्शनचं चिकन, हार्मोन देऊन फुगवलेलं. हिशोब करून बघा. वाढीचं संप्रेरक हे १९१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे; खाद्यातून दिलं तर डाळीसारखं पचून जातं. सुईनं द्यायचं तर पुन्हा पुन्हा द्यावं लागेल. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एका पक्ष्याला धरून टोचायला पाचच सेकंद धरले, तरी एका फेरीला जवळपास चौदा तास.

खरं कारण निवड आहे. कॅनडाच्या आल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांच्या कोंबड्या एकत्र, सारख्याच खाद्यावर वाढवल्या. ५६ व्या दिवशी वजनं भरली ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. बाहेरून कुठलंही संप्रेरक नाही. पिढ्यानपिढ्या जास्त खाणारे आणि झपाट्यानं वाढणारे पक्षी निवडत गेल्यानं आतली भूक आणि वाटणीच बदलली. याची किंमत मात्र त्यांच्या आईबापांना मोजावी लागते. अंडी उबवायला देणाऱ्या मूळ कळपानं पोटभर खाल्लं तर तो लठ्ठ होऊन आजारी पडतो, नीट अंडी देत नाही. म्हणून वाढीच्या वयात त्यांना भुकेच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याएवढंच खाद्य देतात. भूक वाढवलेल्या पक्ष्याला जन्मभर उपाशी ठेवायचं. इंजेक्शनच्या अफवेपेक्षा हे मला कितीतरी जास्त लागतं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

भूक कुठून येते, याचा माग एका उंदरानं दिला. १९४९ साली अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर सतत खात आणि भावंडांच्या तिप्पट वजनाचे होत. पुढे तिथेच डग्लस कोलमन यांनी लठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर यांची अंगं जोडून रक्त एकमेकांत फिरू दिलं. लठ्ठाचं खाणं कमी झालं. लठ्ठांचा दुसरा एक वाण साध्या उंदराला जोडला, तर साधा उंदीर समोर खाणं असून उपाशी मेला. म्हणजे “पुरे” म्हणणारं काहीतरी रक्तात आहे. एका वाणाला ते बनवता येत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूनं ते शोधलं: लेप्टिन, चरबीच्याच पेशींतून निघणारं. बार हार्बरच्या त्या उंदराच्या सुमारे २७० कोटी जनुकीय अक्षरांत एकच अक्षर चुकलं होतं. ते सापडायला पंचेचाळीस वर्षं गेली.

आपल्या भाषेत एका संप्रेरकाच्या कामाला शास्त्राच्या कितीतरी आधीपासून नाव आहे. पान्हा. वासरू ढुशी देतं, गायीला पान्हा फुटतो. अनोळखी माणूस किंवा कुत्रं समोर आलं की ती पान्हा चोरते. निरोप आहे ऑक्सिटोसिनचा, नऊ अमिनो आम्लांचा. व्हिन्सेंट दु विन्यो यांनी १९५३ मध्ये तो प्रयोगशाळेत घडवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. धार काढताना तोही रक्तात मिलिलिटरमागे काही दशक पिकोग्रॅमच येतो. गायीच्या सगळ्या रक्तात मिळून एक मायक्रोग्रॅमही भरत नाही. दहा युनिटच्या सुईत याच्या वीसपट असतं. अशी सुई रोज टोचून वासराची गरजच संपवणारे गोठे आहेत. २०१८ साली केंद्र सरकारनं देशातल्या वापरासाठी खासगी उत्पादनावर बंदी घातली होती. बाळंतपणातल्या रक्तस्रावात हेच औषध आयांचे जीव वाचवतं, म्हणून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली.

गायीच्या कासेतलं पाचव्या भागाएवढं दूध तरी सडांच्या वरच्या पोकळीत उतरलेलं असतं, सडाला हात घातला की ते येतं. म्हशीचं जेमतेम विसाव्या भागाएवढं. बाकी सगळं वर, बारीक पिशव्यांत अडकलेलं, निरोप येईपर्यंत न सुटणारं. पान्हा फुटायला गायीला मिनिटभर पुरतं, म्हशीला दोन मिनिटंही लागतात.

मामांनी हे कुठे वाचलं नव्हतं. चंद्रीनंतर त्यांनी म्हैस ठेवली. पहाटे ते आधी आंबोणाची पाटी पुढे ठेवत, मग रेडकू सोडत, दोन-चार ढुशा देऊ देत, मग त्याला तिच्या तोंडाशी बांधत. कोमट पाण्यानं कास धूत, बोटांना लोणी लावत आणि सडांना हात लावून नुसते बसून राहत. आम्ही पोरं कासावीस व्हायचो, चरवी रिकामीच का म्हणून. ते बोलू देत नसत. म्हैस डोळे अर्धे मिटून रेडकाला चाटत असे. मग सड बोटांखाली टणक होत, आणि पहिली धार चरवीच्या बुडावर वाजे.